लिंक, लिंक, लिंक, घरपट्टी

आमच्या गावात घरपट्टी ऑनलाइन भरली की थोडी सूट मिळते म्हणे. म्हणे अशासाठी की ही बातमी साइटवरच्या एका चित्रात लिहिलीये, आणि त्या चित्रात काय आहे हे माझ्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगायची तसदी कोणी घेतलेली नाही. त्यामुळे तो बिचारा फाइलचं नाव वाचतो, "ग्राफिक, बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू". फायनल झाल्यावर परत टू कशाला लागला असेल याचा विचार मी बराच वेळ केला, कारण पुढचं काही मिळत नव्हतं.

मला दिसत नाही. कॉम्प्युटर मी कीबोर्डवर चालवतो आणि कानाने वाचतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, फुकट मिळतो, मायकेल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन पोरांनी 2006 साली सुरू केलेला, दोघंही अंध, त्यामुळे आपल्याला काय लागतं हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. बोलण्याचा वेग सवयीने वाढवत नेता येतो. माझा आता एवढा वाढलाय की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही, बँकेचा बॅलन्ससुद्धा मी खुशाल स्पीकरवर ऐकतो.

तर अडचण वेगाची नाहीच, अडचण मेन्यूची आहे. तुम्ही साइट उघडता, वरची मेन्यूची पट्टी नजरेने ओलांडता आणि खाली येता, ओलांडली हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. मला ती ऐकावी लागते. मुख्यपृष्ठ लिंक, आमच्याविषयी लिंक, रचना लिंक, पदाधिकारी लिंक, माजी पदाधिकारी लिंक, मग फोटो गॅलरी, मग निविदा, निविदांच्या शेजारी लुकलुकणारं ते "ग्राफिक न्यू", 2019 च्या निविदेलाही न्यूच. आणि पुढच्या पानावर गेलं की परत पहिल्यापासून. उडप्याकडे जाऊन नुसतं पाणी मागितलं तरी वेटरने दर वेळी इडलीपासून मसाला पापडापर्यंत सगळी यादी म्हणून दाखवावी आणि मगच ग्लास ठेवावा, तसं.

आता कोणी म्हणेल शॉर्टकट असतील ना. असतात की! एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर, के दाबलं की लिंकवर, बी दाबलं की बटनावर, डी दाबलं की पानाच्या पुढच्या भागावर, मेन्यू संपून मजकूर सुरू होतो तिथे वगैरे. सगळ्यात जास्त वापर एचचा, आम्ही बहुतेक लोक पान हेडिंगवरूनच चाळतो. पण त्यासाठी पानात हेडिंग असावं लागतं. या साइटवर एच दाबलं की उत्तर येतं "नो नेक्स्ट हेडिंग". मथळे आहेत, चांगले ठळक आणि मोठे आहेत असं हिने पाहून सांगितलं, पण ते नुसते अक्षर जाड करून बनवलेत, आतून साधा मजकूर. आपलंच गाव मागासलेलं असं मात्र समजू नका. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था दर वर्षी दहा लाख होमपेज मशीनने तपासते, त्यातल्या 94.8 टक्के पानांवर 2025 मध्ये दिव्यांगांना अडवणाऱ्या चुका निघाल्या. एवढी एकवाक्यता जगात दुसऱ्या कशाबद्दल असेल असं वाटत नाही.

घरपट्टी "कर विभाग" या नावाखाली आहे. त्यावर माऊस नेला की खाली यादी उघडते, माऊसच नेला की, इतर कशाने नाही. मी टॅब दाबत त्यावर पोचलो, एंटर मारला, तर पान सरळ वर उडी मारून पुन्हा मुख्यपृष्ठ लिंक, आमच्याविषयी लिंक. हेल्पलाइनला फोन केला. माणूस खरंच सज्जन होता.

"सर, वरती उजव्या कोपऱ्यात तीन रेघा दिसतायत का?"

"नाही, मला दिसत नाही."

"मग रिफ्रेश करा सर, येतील."

आमच्यासाठी साइटवर काहीच केलेलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. अगदी वर ए मायनस, ए, ए प्लस अशा तीन लिंका आहेत, अक्षर लहानमोठं करायला. त्यानंतर "स्क्रीन रीडर अॅक्सेस" नावाचं एक अख्खं पान आहे, त्यात टेबल आहे, बाजारात कोणकोणते स्क्रीन रीडर मिळतात, कुठला फुकट, कुठला विकतचा. हे पान वाचायला स्क्रीन रीडर लागतो. आणि सगळ्यात आधी आहे "स्किप टू मेन कंटेंट", म्हणजे मेन्यू टाळून थेट मजकुरावर न्यायची लिंक. कल्पना उत्तम, जगभरचे वेबचे नियम 2008 पासून हेच सांगतायत की दर पानावर तेच ते येणारं ओलांडायची सोय द्या, आणि ही त्यांची सर्वात खालची पातळी, वरची नव्हे. मी ती लिंक दाबली. काही झालं नाही. परत दाबली. पुतण्याने नंतर कोड पाहिला तर लिंक "मेन" नावाच्या जागी जाते आणि पानात त्या नावाची जागाच नाही.

हा पुतण्या, ओंकार, स्वतः वेबसाइट बनवतो. त्याला म्हटलं, आता जरा तुझी ऐकव. त्याने एका क्लायंटची साइट माझ्या मशीनवर लावली, वेग अर्थातच कमी केला, आणि मेन्यूचं पहिलं बटन आलं. "बटन." कसलं बटन, कशासाठी, काही नाही, नुसतं "बटन". तो म्हणाला, "काका, त्यावर तीन रेघांचा आयकॉन आहे हो." म्हटलं, त्या रेघांशी माझी फोनवर ओळख झालीये.

पोरगं मनाला लावून घेणारं. दोन रात्री जागून त्याने ती साइट अॅक्सेसिबल, म्हणजे आमच्यासारख्यांना वापरता येईल अशी केली, आणि पहिल्यापेक्षा बेकार झाली. एरिया (ARIA) नावाचा प्रकार असतो, स्क्रीन रीडरला जादा माहिती पुरवणारा, तो त्याने दिसेल तिथे फवारला होता. साधी "होम" लिंक होती ती आता "होम पेजवर जाण्यासाठी येथे क्लिक करा, लिंक" झाली. वर मेन्यूला त्याने मेन्यूचा रोल, म्हणजे "हा मेन्यू आहे" अशी एरियाची खूण, देऊन टाकलेला. ऐकायला बरोबर वाटतं, पण तो रोल वर्डमध्ये फाइल-एडिट असतं तसल्या मेन्यूसाठी, तो दिसला की माझा एनव्हीडीए बाणाच्या कीज साइटच्या स्वाधीन करतो, आणि बाण दाबल्यावर काय करायचं हे ओंकारने लिहिलंच नव्हतं. मी आत गेलो तो आतच.

म्हटलं, बाबा, काढ हे सगळं. एरियाचा पहिला नियमच असा आहे की साध्या एचटीएमएलने, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात त्या मूळ भाषेने, काम होत असेल तर एरिया वापरू नका. मेन्यूला एचटीएमएलचाच नॅव्ह टॅग दे, आत साधी लिस्ट दे, आणि जे दाबल्यावर उघडतं ते बटन खरंखुरं बटन ठेव. फक्त उघडं की बंद आणि आपण कोणत्या पानावर आहोत एवढं एरियाने सांग. अर्ध्या तासाचं काम निघालं, त्यातही जास्त वेळ खोडण्यात गेला. आता बटनावर गेलं की ऐकू येतं, "सेवा, बटन, कोलॅप्स्ड". एंटर मारला, "एक्स्पांडेड". लिस्टमध्ये शिरताना ती सांगते की आत सहा आयटम्स आहेत, आणि मी ज्या पानावर आहे त्या लिंकपुढे "करंट पेज" म्हणते. मी ते चार-पाच वेळा उघडझाप करून ऐकलं. ओंकारला वाटलं काही बिघडलंय.

त्याच्या साहेबाने मात्र विचारलं, असे लोक आपल्या साइटवर येतात तरी किती? ओंकारने त्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सांगितलं, आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय हेही ऐकवलं. साहेब म्हणाला, बरं, मग नेक्स्ट फेजमध्ये घेऊ. ही फेज कधी येते ते मला माहितीये, बॅनर फायनल थ्रीनंतर.

घरपट्टी राहिलीच की. ओंकारने शेवटी कोडमधून थेट पैसे भरायच्या पानाची लिंक काढून मला पाठवली, मेन्यूच्या वाटेला न जाता. घर क्रमांक टाकला, मोबाईल टाकला, ओटीपी आला तोही टाकला, सगळं एकट्याने. मग आलं, "चित्रातील अक्षरे टाइप करा". शेजारी एक "बटन". ऐकायची सोय असेल म्हणून दाबलं, तर ते चित्र बदलायचं निघालं. अक्षरं बदलली असणार, आधीची कोणती होती तेच माहीत नसल्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

ही स्वयंपाकघरातून आली. "सरका, मी सांगते, दोन मिनिटांचं काम. हं लिहा, कॅपिटल एक्स. सात. मग स्मॉल जी... की नऊ आहे हा? आणि याच्यावर ही आडवी रेघ कसली मारलीये मेल्यांनी? थांबा जरा, चष्मा आणते."