चौकोन भरले, आता पुढे?

शब्दकोड्याचा त्रास शेवटचा चौकोन भरेपर्यंतच असतो, असे समजणाऱ्या सुखी माणसांत मीही पुष्कळ वर्षे मोडत होते. आडवे शब्द, उभे शब्द, मध्येच अडलेले एखादे पुराणातले नाव किंवा झाडपाल्याचे औषध, एवढेच काय ते त्यातले दुःख. मग न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने, ज्याला आपल्याला जडलेला नाद नातेवाइकांत वाटण्याची हौस आहे, एका शुक्रवारी मला एक इंग्रजी कोडे पाठवले. मी ते नेटाने पूर्ण करून त्याला परत धाडले. त्याचे उत्तर आले, "छान भरलंस, ताई. आता सोडव."

या जातीच्या कोड्याला मेटा क्रॉसवर्ड म्हणतात. सगळे चौकोन बिनचूक भरणे ही त्यात केवळ प्रवेश परीक्षा असते. खरे उत्तर त्या भरलेल्या जाळीत कुठेतरी दडवलेले असते आणि ते कुठे व कसे दडवले आहे, याबद्दल कोडेकार चकार शब्द काढत नाही. वर एक शीर्षक असते आणि सोबत एक ओळ असते की, उत्तर सहा अक्षरी शब्द आहे, किंवा उत्तर म्हणजे एक प्रसिद्ध लेखक आहे. लेखक कोण ते आपले आपण पाहून घ्यायचे. अमेरिकेत मॅट गॅफनी नावाच्या कोडेकाराने २००८ साली अशी साप्ताहिक स्पर्धा सुरू केली. महिन्याचा पहिला शुक्रवार सोपा आणि पुढचा प्रत्येक शुक्रवार आधीच्यापेक्षा अवघड, असा तिचा शिरस्ता असल्यामुळे, नवी दिनदर्शिका घरी आली की लोक सुट्ट्या पाहतात तशी मी पाच शुक्रवार असलेले महिने पाहून ठेवते. 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्येही शुक्रवारी असे कोडे येते. रविवारी मध्यरात्रीच्या आत उत्तर पाठवायचे आणि बरोबर उत्तरांतून चिठ्ठी निघेल त्याला बक्षीस म्हणून एक मग मिळतो. आता तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची रविवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची सोमवारची सकाळ, उन्हाळ्यात साडेनऊची आणि हिवाळ्यात साडेदहाची. नेमकी तीच वेळ आमच्या कार्यालयातल्या साप्ताहिक बैठकीची आहे. बैठकीत मी खाली मान घालून भराभर टिपणे घेते, असे माझ्या वरिष्ठांचे माझ्याविषयीचे मत आहे आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

ज्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत पहिले शब्दकोडे छापले, त्यांच्या मनात असले काही नव्हते. त्यांची जाळी शंकरपाळ्याच्या आकाराची होती, सूचना सरळ होत्या, आणि जे विचारले होते तेच हवे होते. पुढच्या पिढ्यांना एवढ्यावर समाधान वाटले नाही. कोडे सुटल्यावर माणूस निवांत बसतो, हे कुणाच्या तरी डोळ्यांवर आले असावे.

अमेरिकन जाळीची एक सोय आहे, आणि तीच पुढे घात करते. तिथे प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या शब्दात मोजले जाते, त्यामुळे आडवा शब्द माहीत नसला तरी उभ्या शब्दांच्या खांद्यावर बसून तो आपोआप पुरा होतो. मेल ऑट हे बेसबॉल खेळत आणि बॉबी ऑर बर्फावरची हॉकी खेळत, हे मला खेळाच्या आवडीतून कळलेले नाही. त्यांची आडनावे इंग्रजीत तीन अक्षरांत मावतात आणि म्हणून कोडेकारांना अतिशय प्रिय आहेत, एवढ्या एकाच पुण्याईवर ते माझ्या घरी वरचेवर येतात. अशा रीतीने जाळी पूर्ण भरते, एकही चूक नसते, आणि आपल्याला मात्र त्यातले निम्मे लोक कोण आहेत याचा पत्ता नसतो. मग या अनोळखी जमावातून एक उत्तर बाहेर काढायचे असते.

खरी परवड इथून सुरू होते. अर्धवट कोड्यात निदान काय येत नाही हे तरी ठाऊक असते; बत्तीस आडवा अडला आहे, असे चारचौघांत सांगता येते. पूर्ण भरलेल्या कोड्यासमोर बसलेल्या माणसाला आपण नेमके कुठे अडलो आहोत हेदेखील सांगता येत नाही. नवरा दोनदा येऊन पाहून गेला. "भरलंय की सगळं. मग बघतेस काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण काय बघायचे हेच तर बघायचे होते.

म्हणून मी सगळेच बघते. लांब आडव्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून पाहते, मग अंत्याक्षरे, मग तिरपी ओळ. प्रत्येक सूचनेचे पहिले अक्षर क्रमाने वाचते, कारण एकदा उत्तर खरोखरच तिथे होते आणि तेव्हापासून माझा सूचनांवरचा विश्वास उडाला आहे. संपूर्ण जाळीत कोणते अक्षर एकदाही आलेले नाही याची यादी करते. अक्षरांना आकडे देऊन बेरजा करते. काळे चौकोन मोजते, आणि जाळी अर्धा फेरा फिरवून उलटी धरली तरी ते सारखेच दिसतात याचा मला जो संशय आला होता तो अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कोड्याला लागू आहे, हे भावाने सांगेपर्यंत त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवते. या उद्योगात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे काहीतरी सापडते. पस्तीस-चाळीस आडव्या शब्दांच्या आद्याक्षरांत दोन-चार अर्थपूर्ण तुकडे निघणारच. मग ते तुकडे पुरे करण्यासाठी मी एक अक्षर उसने घेते, एक शब्द "बहुधा धरायचा नसावा" म्हणून वगळते, आणि माझे तर्कशास्त्र कुणाच्याही पत्रिकेतला मंगळ सौम्य करून देणाऱ्या ज्योतिषाइतके लवचिक होते. खऱ्या उत्तराचे तसे नसते. ते दिसले की काही उसने घ्यावे लागत नाही आणि काही उरतही नाही. शीर्षक, लांब शब्द, अक्षरांची संख्या, सगळे एकदम जागेवर बसते. पण ही खूण उत्तर सापडल्यावरच कळते. ते सापडेपर्यंत खोटे उत्तर खऱ्याइतकेच तेजस्वी दिसते.

या रोगाची लागण मोठमोठ्यांना झालेली आहे, हा माझा एक दिलासा. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या शब्दकोड्यांत एकामागून एक 'युटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' असे शब्द उत्तर म्हणून आले आणि १ जूनला 'नेपच्यून' आला. नॉर्मंडीवरच्या चढाईची ही सगळी सांकेतिक नावे होती आणि चढाई ६ जूनला व्हायची होती. ब्रिटिश गुप्तचरांनी ताबडतोब कोडेकाराला गाठले. ते गृहस्थ एका शाळेचे मुख्याध्यापक निघाले. आपल्याला हवे ते शब्द कोड्यात घालू नयेत असा काही कायदा आहे काय, अशाच अर्थाचा त्यांचा पवित्रा होता, आणि गुप्तचरांना हात हलवत परतावे लागले. चाळीस वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, मास्तर रिकाम्या जाळ्या भरायला मुलांना देत आणि मुले जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडचे शब्द त्यात बसवत. म्हणजे भरलेल्या जाळीत छुपा संदेश शोधत बसलेली पहिली माणसे सरकारी पगारी होती, आणि तिथे संदेश नव्हताच. मला निदान उत्तर आहे याची लेखी हमी असते.

आमच्या घरात या सगळ्याकडे तुच्छतेने पाहणारी व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातले कोडे त्या शाईच्या पेनाने भरतात आणि कप विसळायला जाण्याआधी मोकळ्या होतात. मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे जाळी लहान आणि झटपट होते. त्यात छुपा शब्द असलाच तर तो ज्या चौकोनांत आहे ते चौकोन बिचारे आधीच करड्या रंगात रंगवून ठेवलेले असतात. "लपवायचं आणि रंगवायचंही नाही, म्हणजे फसवणूकच की," असे आईंचे मत आहे. त्याला कौटुंबिक इतिहासही आहे. त्यांचे वडील बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे शौकीन होते. प्रवेश फी भरायची, आणि जिथे दोन शब्द सारखेच शोभतात तिथे आयोजकाच्या मनातला कोणता ते ओळखायचे. या स्पर्धांचा इतका सुळसुळाट झाला की १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याची बक्षिसे एकूण १,००० रुपयांवर आणि प्रवेशिका २,००० वर आणल्या, आणि मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या कोड्यांना जुगाराच्या रांगेत बसवले. आईंच्या वडिलांचे तोपर्यंत व्हायचे ते नुकसान झालेले होते. "दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला पैसे कशाला मोजायचे? संसारात ते फुकट करावं लागतं," असे त्यांची आई म्हणे, अशी आठवण आई माझ्याकडे रोखून पाहत सांगतात.

त्यांचा हा गैरसमज दूर करावा, आणि माझ्या वाटची शिक्षा इतरांनाही भोगू द्यावी, अशा दुहेरी हेतूने मी आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी छुप्या उत्तराचे एक मराठी कोडे रचले. शीर्षक दिले, 'पाण्यात पाहणे'. खाली लिहिले, 'उत्तर तीन अक्षरी असून ते प्रत्येक सोडवणाऱ्याकडे असायला हवे.' जाळीत तीन शब्दांना फुली होती: 'सारखा चिडणारा' म्हणजे संतापी, 'रागदारीचे संगीत' म्हणजे शास्त्रीय, आणि 'माल ठेवण्याची जागा' म्हणजे गोदाम. शीर्षकाप्रमाणे पाण्यात पाहिले की संतापीत तापी दिसते, शास्त्रीयमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातली शास्त्री आणि गोदामात गोदा. नद्या वाहून गेल्यावर मागे राहतात सं, य आणि म. कोडे रचून झाल्यावर मी स्वतःवर जितकी खूश होते, तितकी माझ्या लग्नातही नव्हते.

अंक वाटला गेला आणि उत्तरे येऊ लागली. तळमजल्यावरच्या काकांनी तिन्ही शब्दांची शेवटची अक्षरे घेतली, पी, य, म, आणि उत्तर 'पीएम' असल्याचे जाहीर केले. मी म्हटले, "काका, शुद्धलेखन जुळत नाही." ते म्हणाले, "हल्ली कुणाचं जुळतं?" मी म्हटले, "पण प्रत्येक सोडवणाऱ्याकडे पंतप्रधान कसा असेल?" त्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, "ओळख असायला हवी, असा अर्थ." दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला काळ्या चौकोनांत बदक दिसले आणि बदक पाण्यात असते, म्हणून तिचे उत्तर 'बदक'. तीन अक्षरी होते, पाण्यात होते; प्रत्येकाकडे का असावे, एवढाच प्रश्न होता. एका वकीलसाहेबांनी सं, शा, गो यांवरून 'संशोधक शाब्दिक गोंधळात' असे पूर्ण वाक्य काढले, जे माझ्या उत्तराहून सरस आहे हे मी त्यांना कळू दिलेले नाही. नवऱ्याने पाण्यात पाहण्याची सूचना शब्दशः घेऊन अंक बादलीवर धरला.

आईंनी कोडे नेहमीप्रमाणे पेनाने भरले आणि बाजूला ठेवले. मग पुन्हा जवळ घेतले. चहा निवला. माझ्या आयुष्यात मी प्रथमच त्यांचा चहा निवलेला पाहिला आणि मला जे समाधान झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. पण ते फार टिकले नाही. "ही शास्त्री," त्या एकदम म्हणाल्या. त्यांचे माहेर संगमेश्वरचे. जिच्या काठी लहानपण गेले ती नदी त्यांना कुठल्याही शब्दात दिसली असती. एक नदी सापडल्यावर दुसऱ्या दोन निघायला चष्मा पुसण्याइतकाही वेळ लागला नाही. उत्तर सांगून त्यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण चुकलंय."

मी काय ते विचारले.

"तापी पूर्ण घेतलीस, शास्त्री पूर्ण घेतलीस, आणि तिघींत जी थोर, त्या गोदावरीचंच नाव अर्ध्यावर कापलंस?"

नाशिकचे लोक गोदाच म्हणतात, गोदाकाठ म्हणतात, असे मी सांगून पाहिले. "म्हणू देत. दोघींना एक नियम आणि तिसरीला वेगळा, हे कोड्यात चालत नाही आणि घरातही चालत नाही," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. वाईट याचे वाटते की, परदेशातल्या कोडेकारांच्या कोड्यांना मी स्वतः हाच निकष लावते. त्यामुळे ज्यातून एका नदीचे पूर्ण नाव वजा केले की फक्त 'म' उरेल, असा शब्द मी आता शोधत आहे. मुळा, मुठा, नीरा, सीना, कोयना, वारणा यांच्या पुढे आणि मागे 'म' लावून झाला. विदर्भातल्या मोठ्या नद्या संपल्या आणि सध्या मी ओढ्यांच्या पातळीवर आले आहे. काल रात्री जेवताना मी शेवटी हार मानून आईंना म्हटले की, असा शब्द मराठीत नाहीच.

"आहे," आई म्हणाल्या. "मला दुपारीच सुचला."

कोणता, ते सांगायला त्या तयार नाहीत. नदी कोकणातली नाही, एवढेच त्यांनी मोठ्या मनाने सांगितले आणि उत्तरासाठी रविवार सकाळच्या चहापर्यंत मुदत दिली. नवऱ्याने माळ्यावरून शाळेचा जुना नकाशा काढला आहे, आणि तळमजल्यावरचे काका आपल्याला उत्तर माहीत असल्याचे जिन्यात सर्वांना सांगत आहेत.