चौथऱ्यावरून खाली

"याचं डोकं दुखतंय का रे?" आईने विचारलं.

गेल्या वर्षी आई-बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात आले होते. भारतातून येणाऱ्या आईवडलांना स्टॅनफर्ड विद्यापीठ दाखवायचंच असतं, तसं आम्हीही नेलं. तिथे एका चौकात फ्रेंच शिल्पकार रोदँचे 'बर्गर्स ऑफ कॅले', म्हणजे कॅलेचे नागरिक, सुटेसुटे उभे आहेत, थेट जमिनीवर. एकाने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलंय. आई त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या भल्यामोठ्या अनवाणी पावलांकडे बघत बसली. मी गोष्ट सांगितल्यावर म्हणाली, "मग बरोबर आहे."

गोष्ट १३४७ ची. इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने फ्रान्समधल्या कॅले गावाला अकरा महिने वेढा घातला होता. गाव उपाशी. राजाची अट अशी की सहा प्रतिष्ठित माणसांनी गळ्यात दोर अडकवून, किल्ल्या घेऊन अनवाणी यायचं, मग बाकीच्यांना सोडतो. पुढे राणीने रदबदली केली म्हणून सहाही वाचले. रोदँने घडवलेत ते मात्र मरायला निघालेले सहा जण.

हे काम त्याला १८८५ मध्ये मिळालं. १८७० च्या युद्धात फ्रान्सने प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला होता. राजेशाही गेली होती, आणि नवं प्रजासत्ताक गावोगावी पुतळ्यांचा सपाटा लावून होतं. कॅलेकरांना एकच वीर हवा होता, छाती काढून उभा. रोदँने एकाच्या पैशांत सहा दिले, तेही खचलेले, गोंधळलेले. समिती नाराज झाली, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही झालो असतो! आपल्याकडे पुतळा म्हटलं की पहिला प्रश्न अजूनही 'उंची किती?' हाच असतो.

हे सहा जण चौकातल्या फरशीवर उभे राहावेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला लागावेत, असं रोदँच्या मनात होतं. १८९५ मध्ये ते बसवले चौथऱ्यावर, भोवती कठडा घालून. खाली उतरले १९२४ मध्ये. रोदँ १९१७ लाच गेला होता.

'मॉडर्न शिल्प म्हणजे काहीतरी वेडंवाकडं' असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. पण मला वाटतं खरी उलथापालथ चौथऱ्यावर झाली. आकार नंतर बदलले. पुतळ्याचे पैसे कोण देतं आणि कोणाचा पुतळा होतो, हे आधी बदललं.

जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्झचंच बघा. ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात तिचा अठरा वर्षांचा सैनिक मुलगा पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. ती स्मारकाच्या मागे लागली. सुरुवातीच्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगा होता, उशा-पायथ्याशी आईबाप. शेवटी मुलगा गळाला, आईबापच उरले. १९३२ मध्ये ते बेल्जियममधल्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत बसले. बाप गुडघ्यांवर ताठ, हात स्वतःभोवती घट्ट आवळलेले. आई पार वाकलेली. दोघं वेगवेगळ्या दगडांवर, मधे जागा. चेहरे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे. युद्धाचं स्मारक आणि त्यात ना घोडा, ना तलवार. पुढच्याच वर्षी नाझींनी तिला प्रशियन कला अकादमी सोडायला लावली. मी हे शिल्प फक्त फोटोत पाहिलंय, तरी त्या बापाच्या हातांवरून नजर हटत नाही.

आणि पॅरिसमध्ये राहणारा रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी. हा गडी तर चौथरा स्वतः घडवायचा, शिल्पाइतकंच मन लावून. त्याचा 'बर्ड इन स्पेस', म्हणजे ना पंख ना चोच असा नुसता उंच, निमुळता ब्राँझचा पक्षी, १९२६ मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्यातल्या वस्तूंच्या सदरात टाकून ४० टक्के कर लावला. म्हणे यात पक्षी कुठे आहे? खटला चालला, आणि १९२८ मध्ये न्यायाधीशांनी ते शिल्पच आहे असा निकाल दिला.

आता आपल्या घरातली गोष्ट. ब्रांकुशीने असे बरेच पक्षी घडवले, आणि ते आवडले इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांना. त्यांनी तीन घेतले, एक ब्राँझचा आणि दोन संगमरवरी, काळा आणि पांढरा. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं, आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर काही झालं नाही. संगमरवरी जोडी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात (नॅशनल गॅलरी) आहे.

हे आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "इंदूरला का नाही ठेवले?" दुसरा, "आणि तिथे तरी खालीच ठेवलेत ना?"