"खोली सील करा, कूलर लावा, बारा महिने मशरूम": या मेसेजमधलं काय काय चूक आहे

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, बचत गटाच्या ग्रुपवर, शेतीच्या ग्रुपवर, नातेवाईकांत. त्यात थोडक्यात असं आहे की दहा बाय दहाची खोली घ्या, दारं-खिडक्या प्लास्टिकने सील करा म्हणजे गारवा बाहेर जात नाही, आत कूलर ठेवा, कडक ऊन असेल तर कूलरमध्ये बर्फ टाका, एसीची काहीच गरज नाही, बटन (गोल पांढरं मशरूम) असो की धिंगरी (ऑयस्टर मशरूम), बारा महिने माल निघेल. हे वाचून बायका साठवलेले पैसे घालतात, काड आणतात, स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं आणतात, ते थराथराने पिशव्यांत घालून बेड भरतात आणि एप्रिलात सगळे बेड हिरव्या बुरशीने जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

"खोली सील करा." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. कूलर गारवा बनवतो कसा? पॅडवरचं पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं म्हणून हवा गार होते, बस. आता खोली बंद असेल तर तीच हवा पुन्हा पुन्हा पॅडमधून फिरणार, थोड्याच वेळात ती ओलाव्याने भरणार, मग पॅडवरचं पाणी उडायलाच तयार नाही, म्हणजे गारवा बंद आणि मोटरची उष्णता मात्र आत जमा होत राहणार. कूलर खिडकीच्या बाहेर ठेवला पाहिजे, त्याने बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला ती बाहेर पडायला जागा पाहिजे, एग्झॉस्ट लावा किंवा नुसता झरोका ठेवा, पण जाळी लावून, नाहीतर माशा येतात. दुसरं म्हणजे मशरूमही श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. बंद खोलीत तो साठला की धिंगरीचे देठ लांबच लांब होतात आणि टोप्या बारीक राहतात, असा माल बाजारात कोणी घेत नाही. आणि तयार धिंगरी भरपूर बीजाणू सोडते, कोंडलेल्या खोलीत तोडणी करणाऱ्या बाईला खोकला, दम लागू शकतो, त्यामुळे तोडताना मास्क लावाच.

"कुठेही, बारा महिने." इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळा खेळ हवेतल्या ओलाव्याचा आहे. एक साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या खालच्या टोकाला सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळा आणि पाच-दहा मिनिटं बाहेर सावलीत पंख्याच्या वाऱ्यात धरा. आकडा उतरत उतरत एका जागी थांबेल. कूलर कितीही महागाचा घ्या, त्या आकड्याच्या खाली तो जाऊ शकत नाही, आणि घरगुती कूलर तर तिथपर्यंतही पोचत नाही, काही अंश वरच राहतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या पट्टीचा आकडा साधारण २२ येतो, म्हणजे नीट बसवलेला कूलर २६–२७ पर्यंतची हवा देईल आणि धिंगरी २० ते ३० अंशात येते, म्हणजे तिथे जमू शकतं. त्याच दिवसांत कोकणात ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो आकडा २९ च्या आसपास येतो, मग कूलर काय देणार? ३०–३१. आणि पाऊस सुरू झाला की पुण्यात काय, नागपुरात काय, कूलरचा गारवा नावापुरताच. तेव्हा अकोल्याच्या माणसाचा व्हिडिओ बघून रत्नागिरीत कूलर घेऊ नका, आधी ओली पट्टी लावून बघा.

"बर्फ टाका." हिशोब करा. एसीचा एक टन म्हणजे २४ तासात सुमारे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता बाहेर काढायची ताकद. दहा किलोची लादी वितळून तिचं पाणी कोमट होईपर्यंत जेवढं काम करते तेवढं एक टनाचा एसी वीस मिनिटांत करतो. मग पुढचे तेवीस तास? रोज बर्फाचे पैसे घालवू नका.

"बटनही निघेल." नाही निघत. बटनला फळं धरायला १४ ते १८ अंश लागतात. व्हिडिओ असतात हिमाचलमधल्या सोलनचे, तिथली हवाच थंड, नाहीतर हरियाणाचे, तिथे झोपडीत बटन घेतात पण फक्त थंडीत. आपल्याकडे बटनची युनिट्स आहेत ती इन्सुलेशन केलेली, कूलिंग प्लांटवाली. कूलरवर १४ अंश महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात येणारच नाहीत.

"एसीची गरज नाही." हे अर्धं खरं आहे. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, तो बाहेरचा पाइप टपकतो ते तेच पाणी, आणि मशरूमला ८०–९० टक्के ओलावा हवा, म्हणून नुसता एसी लावला तर पिनहेड म्हणजे नुकतेच फुटलेले बारीक कोंब सुकून जातात, सोबत हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लागतोच. पण एसी नको म्हणताना त्याऐवजी काय करायचं ते मेसेजमध्ये कुठेच नाही. सगळ्यात आधी उष्णता आत येऊ न देणं. पत्र्याचं छत असेल तर वरून पांढरा चुना मारा, पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट बांधा, आतून फॉल्स सीलिंग किंवा पेंढ्याचा जाड थर द्या, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडत असेल तर तिकडेही आडोसा करा. खर्च कमी आणि फरक पहिल्याच दुपारी कळतो. दुसरं, पीक ऋतूप्रमाणे बदला. थंडीत धिंगरी घ्या आणि उन्हाळ्यात दुधी मशरूम, म्हणजे मिल्की, त्याला ३० ते ३५ अंश चालतात, तिथे कूलरशी झगडायची गरजच राहत नाही. शंका असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी (मशरूम) संशोधन प्रकल्प आहे, तिथे विचारा.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबातच नाही: भिंतीवरचा थर्मामीटर बेडचं तापमान सांगत नाही. स्पॉन पसरत असताना बेड स्वतः तापतो, पोटात खोलीपेक्षा काही अंश जास्त असतात, आणि बेड एकावर एक रचले तर मधले बेड आणखी तापतात. खोलीत २९ दिसतंय म्हणून आपण निवांत बसतो आणि आत स्पॉन मरत असतं. लांब दांडीचा थर्मामीटर स्पिरिटने पुसून एखाद्या मधल्या बेडमध्ये खोचून ठेवा, धिंगरीच्या बेडमध्ये ३२ च्या वर दिसलं तर लगेच बेड सुटे करा, मध्ये चार बोटं अंतर ठेवून टांगा आणि रात्रीची गार हवा खिडक्या उघडून आत घ्या.