शिंगल्सच्या छपराचा ‘निम्मा खर्च’: खुलासा

लोणावळा-महाबळेश्वरकडच्या बंगलेवाल्यांमध्ये शिंगल्सबद्दल (छपरावर खिळ्यांनी ठोकायच्या डांबरी पट्ट्या) एक संदेश फिरतोय: ‘१००० चौरस फुटांच्या घराला तेवढ्याच शिंगल्स लागतात, जुन्यांवरच नव्या ठोका, खर्च निम्मा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी हिशोब. घर २५ बाय ४० फूट, चारी बाजूंना २ फुटांच्या वळचणी, म्हणजे माप २९ बाय ४४, १२७६ चौरस फूट. उतारामुळे छपराचं क्षेत्र वाढतं; ३० अंशांचा उतार असेल तर गुणिले १.१५५, म्हणजे सुमारे १४७४. कापण्यात १० टक्के जातात, म्हणून १६२० धरा. एक बंडल साधारण ३२ चौरस फूट झाकतं (पाकिटावर छापलेलं असतं, बघून घ्या). बंडलं ५१ लागतात, संदेशाप्रमाणे ३२. ऐन मे अखेरीस माल कमी पडतो तो इथेच.

जुन्यांवर थर चढवला की खालचा प्लायवूड दिसतच नाही. तो कुजला असेल तर खिळा धरत नाही आणि पहिल्याच वादळात पट्ट्या उडतात. दोन उतार मिळतात ती पन्हळ आणि भिंतीलगतचे पत्रे तर हमखास गळतात, कारण तिथलं जुनं तसंच राहतं. त्यामुळे सगळं उतरवा, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज घुसला तर ती शीट बदला. नवी आयएस ७१० (भारतीय मानक) ची मरीन प्लाय घ्या, इथे काटकसर नको. दरपत्रकात उतरवणं, प्लाय, मेम्ब्रेन (शिंगल्सखालचा पाणी अडवणारा थर), पत्रे, मजुरी वेगवेगळं लिहून मागा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा हिशोब पाठवा.