३७७ गेलं, पण सैन्यातली बंदी गेली नाही

‘३७७ रद्द झालं, आता फौजेतही समलिंगी जवान उघडपणे राहू शकतात’ असा मेसेज फिरतोय (३७७ म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं कलम). तो चुकीचा आहे. भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलाने त्यावर विसंबून मन मोकळं केलं, तर त्याची नोकरी जाऊ शकते, म्हणून हे लिहितोय.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, हे खरं. पण सैनिकांना १९५० चा आर्मी अ‍ॅक्टही लागू असतो. त्याच्या कलम ४६ मध्ये ‘क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक’ लाजिरवाण्या वर्तनाला कोर्टमार्शल होऊन सात वर्षांपर्यंत कैद आहे. यात समलिंगी हा शब्द कुठेच नाही; सगळा भार त्या ‘अनैसर्गिक’वर! संविधानाचं कलम ३३ सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला देतं. निकालानंतरही, जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्यात समलिंगी संबंध चालणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं.

‘समलिंगी जवान असतील तर शिस्त बिघडेल’ हा बंदीच्या बाजूने केला जाणारा दावाही मला पटत नाही. ब्रिटनने २००० मध्ये, अमेरिकेने २०११ मध्ये बंदी उठवली. दोन्ही फौजा शाबूत आहेत.