मुलग्यालाही लस का? चोपड्याच्या आबांना उत्तर

आबा, नमस्कार. गरोदरपणातल्या रुबेलाबद्दल मी मागे लिहिलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, "आमच्या घरात सगळ्या पोरांना गोवर निघाला, कोणाचं काही बिघडलं नाही. पोटुशी बायांना उगाच घाबरवू नका. व्यंग नशिबाचं, नाहीतर ग्रहण न पाळल्याचं. आणि मुलग्यांना लस कशाला?"

मी लिहिलं ते रुबेलाबद्दल. गोवरासारखा दिसतो, पण विषाणू वेगळा. पोरांना अगदी किरकोळ होतो: बारीक ताप, फिक्कट पुरळ, कानामागे गाठी. तीन-चार दिवसांत पोर पुन्हा ओट्यावर खेळायला. कित्येकांना पुरळही उठत नाही. तुमच्या बहिणींना तो लहानपणी होऊन गेला असेल, तर अंगात संरक्षण तयार होऊन पुढे गरोदरपणात त्याच वाचल्या. धोका आहे तो जिला कधी झालाच नाही आणि लसही मिळाली नाही तिला.

आखाजीला लेक माहेरी येते. दोन महिने गेलेले, अजून धड कोणाला सांगितलेलंही नसतं. भाच्याच्या अंगावर पुरळ, तरी त्याला मांडीवर घेऊन ती झोक्यावर बसते. पुढे तिलाही जराशी कणकण येते नि जाते. तेवढ्यात विषाणू वारेतून गर्भात पोचलेला असतो, आणि डोळे, कान, हृदय घडायचे ते याच दिवसांत. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर बाळाला इजा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते. मग लेकराच्या बुबुळात पांढरट डाग दिसतो, खुळखुळा वाजवला तरी मान वळत नाही, आणि घरचे त्या माउलीलाच विचारतात, "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" या प्रश्नाचा मला मनापासून संताप येतो, आबा.

1941 साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांकडे चौकशी केली, तर बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झालेला. 1964-65 च्या साथीत अमेरिकेत सुमारे 20,000 बाळं ही व्यंगं घेऊन जन्मली. 1969 मध्ये तिथे लस आली आणि पुढे अशी बाळं जवळजवळ दिसेनाशी झाली. ग्रहणं तेव्हाही लागत होती, आजही लागतात.

मुलग्याला लस द्यायची ती त्याच्या आत्यासाठीसुद्धा. नोव्हेंबर 2018 पासून आपल्याकडे शाळाशाळांत दिली ती हीच, गोवर-रुबेलाची. आता नवव्या महिन्यानंतर पहिला डोस, दीड वर्षाच्या सुमारास दुसरा, सरकारी दवाखान्यात फुकट.

दिवस गेल्यावर मात्र ही लस देत नाहीत. म्हणून लग्न ठरलेल्या पोरीने आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणी पुरळवाल्या पोराशी संबंध आलाच, तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावं. अंगात आधीचं संरक्षण असेल तर तेही त्यातच कळतं.