'ठरलंय' म्हणजे कुणी ठरवलं?

वादाला निमित्त झालं वर्गणीचं. आमच्यातला एक जण महिनाभर दवाखान्यात आहे. मास्तरने ग्रुपवर टाकलं, "प्रत्येकी सारखी रक्कम ठरलीय, रविवारपर्यंत जमा करा." खाली धडाधड अंगठे उमटले आणि त्या अंगठ्यांच्या मधोमध वकिलाचा मेसेज आला: "मी सगळ्यांच्या दुप्पट देईन. पण 'ठरलीय' म्हणजे कुणी ठरवली?"

संध्याकाळी मी कट्ट्यावर पोचलो तेव्हा मास्तर आधीच येऊन बसला होता, म्हणजे भांडायच्या तयारीत.

"दुप्पट देणार, पण नियम मानणार नाही. हा कसला माज?"

"माज नाही रे. मला वाटलं म्हणून दिलं तर ती मदत. यादीत नाव आहे म्हणून दिलं तर तो कर."

"कर म्हण. करावरच सरकारी दवाखाने चालतात."

आमच्या कट्ट्यावर चौथ्या वाक्याला माणूस संपतो आणि 'वाद' सुरू होतो. पाचव्या मिनिटाला वकील व्यक्तिवादी ठरला होता, मास्तर समूहवादी, आणि दवाखान्यातला मित्र बाजूलाच राहिला होता.

सिस्टरचा भाचा मानसशास्त्र शिकतो. इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "काका, एक गंमत करू? 'मी कोण आहे?' या प्रश्नाची वीस उत्तरं लिहा. विचार न करता. कुन आणि मॅकपार्टलंड या दोघांनी 1954 मध्ये काढलेली चाचणी आहे."

सिस्टरच्या पर्समधून पेन निघालं, वकिलाच्या फाइलमधून दोन कोरे कागद. दोघं पाठीला पाठ लावून लिहायला बसले, अगदी पेपरला बसल्यासारखे.

वकिलाचा कागद मी वाचला. मी थोरला भाऊ आहे. मी बाप आहे. मी वकील आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे. अकराव्या ओळीला गाडी अडली, आणि तोवर 'मी स्वतंत्र आहे' असं कुठेच नव्हतं. मास्तरच्या कागदावर मात्र: मी हट्टी आहे. मला पहाटे जाग येते. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मी पोहताना सुखी असतो. वीसच्या वीस पूर्ण, आणि त्यात संघटनेचा उल्लेख सतराव्या जागी.

सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला.

"दोन कागदांवरून काही सिद्ध होत नाही," भाच्याने घाईघाईने सांगितलं. त्याचं बरोबरच आहे. पण ते कागद पाहिल्यावर दोघांचा आवाज खाली आला, आणि मग पहिल्यांदा खरं बोलणं झालं.

वकील म्हणाला, "आमच्या घरात सगळं ठरलेलंच असायचं. मी काय शिकायचं, कुणाशी बोलायचं, कधी बोलायचं. ठरवणाऱ्यांत मी कधीच नव्हतो. तो शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं."

मास्तरचं उलटं. "बापाला कामावरून काढायचं घाटत होतं. एकटा असता तर काढलाच असता. दोनशे माणसं काम थांबवून दारात उभी राहिली, म्हणून माझी शाळा सुटली नाही. मला 'ठरलंय' म्हटलं की आधार वाटतो."

एकच शब्द, पण एकाला फास वाटतो आणि दुसऱ्याला दोर. माझं मत असं की माणूस आधी विचारसरणी निवडून मग जगत नाही. गटाने ज्याला चिरडलं तो 'मी' म्हणायला शिकतो. गटाने ज्याला वाचवलं तो 'आम्ही' म्हणतो. तत्त्वज्ञान मागाहून येतं, घाम पुसत.

वकिलाला हे अर्धंच पटलं. "अनुभव वेगळा, विचार वेगळा. बाबासाहेब बघ. 4 नोव्हेंबर 1948, घटनासभेतलं भाषण. मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याचा आपल्याला आनंद आहे, असं स्वच्छ सांगितलं त्यांनी. संपला विषय."

"संपला कसा?" मास्तर उसळला. "त्याच्या आदल्या वर्षीचं, 1947 चं त्यांचं निवेदन वाच. जमीन सरकारच्या मालकीची, आणि शेती सामुदायिक. हे तुझ्या व्यक्तिवादात कुठे बसवतोस?"

"म्हणजे दोघांनी अर्धा अर्धा माणूस वाटून घेतलात," सिस्टर म्हणाली.

मला स्वतःला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: या माणसाच्या मानेवर हात कुणाचा? तो हात गावाचा असेल तर गावापासून सोडवा, जमीनमालकाचा असेल तर त्याच्यापासून. गाव ही ज्याला मायेची सावली वाटते आणि गावाच्या वेशीबाहेर ज्याला ठेवलं गेलं, त्या दोघांचा 'समाज' एक कसा असेल? पण आम्ही माणसाला एका खणात बसवल्याशिवाय उठत नाही.

मग वकिलाने ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर काढल्या. समाज असं काही नसतंच, असं 1987 च्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या. भाच्याने तिथेच मोबाइलवर मुलाखत काढली. पुढचंच वाक्य असं की असतात ते पुरुष आणि स्त्रिया, आणि कुटुंबं. "कुटुंब आलंच की मागच्या दाराने," मास्तर खूश. एकटा 'मी' कुणालाच झेपत नाही. प्रत्येक जण वर्तुळ काढतो. कुणाचं घरापुरतं असतं, कुणाचं कामगारांपुरतं, एवढाच फरक.

भाच्याने मध्येच हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञाच्या आकड्यांचं सांगितलं. आयबीएम या कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून व्यक्तिवादाचा निर्देशांक काढला, तर अमेरिका 91 आणि ग्वाटेमाला 6. सिस्टरने ते एका वाक्यात उडवलं: "वॉर्डाचं सरासरी तापमान सांगून मी कुणाला औषध देऊ?" देशाची सरासरी देशापुरती. ती एकेका माणसाला चिकटवायची नसते.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो शेवटच्या गोष्टीने. तीही भाच्यानेच सांगितली: मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना सरकारी मदतीची एक योजना वाचायला दिली. कुणाला सढळ हाताची, कुणाला कडक अटींची. सोबत सांगितलं की अमुक पक्षाचा हिला पाठिंबा आहे. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे म्हटल्यावर उदारमतवाद्यांना कडक योजना चालली, आणि परंपरावाद्यांना सढळ योजना. योजनेत काय लिहिलंय ते बाजूलाच राहिलं.

"म्हणजे आपली माणसं कोण हे आधी, आणि आपलं मत काय हे नंतर," सिस्टर म्हणाली.

वकील बराच वेळ गप्प होता. "पण मी विचार करूनच या मताला आलोय."

"काका, त्या विद्यार्थ्यांनाही तसंच वाटत होतं. दुसरे लोक, विशेषतः विरोधी बाजूचे, पक्ष बघून वाहवत जातील, असं मात्र त्यांचं म्हणणं होतं."

मास्तर हसायला लागला. सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की तोही थांबला. वीस अंगठ्यांत पहिला अंगठा माझा होता, आणि मी रक्कम न वाचताच उमटवला होता. हे मी तिथे बोललो नाही, इथे लिहितोय.

रविवारी मास्तर यादी घेऊन बसला. वकिलाचे पैसे आले नव्हते. संध्याकाळी मित्राच्या बायकोचा फोन आला: वकीलभाऊ शुक्रवारीच येऊन गेले, कुणाला सांगू नका म्हणाले. दुप्पट की किती, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

यादीत त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे. 'जमा' लिहावं तर मास्तरकडे जमा काहीच झालेलं नाही, आणि 'बाकी' लिहायला त्याचा हात धजत नाही.